कल्याणीच्या तळ्यावर

ओल्या विभूतीचा वास आला की मला कल्याणीचं तळं आठवतं. निजामाच्या राज्यातलं ते लहानसं गाव, आणि त्याला लागून पलीकडचा काठ धूसर दिसावा एवढं पसरलेलं गोडं पाणी. हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून मी सुट्टीला आले होते, म्हणून मावशी आणि मामा मला ते दाखवायला घेऊन गेले. पोचल्यावर मावशी आधी कपाळाला ओली विभूती लावून पूजेला तळ्याच्या पायरीवर बसली. गळ्यातलं इष्टलिंग तिने तळहातावर घेतलं आणि ओल्या हातातून ते निसटून पाण्यात गेलं. लिंग सापडेपर्यंत आमच्यात पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. ऊन चढत होतं. मावशी ओठ मिटून बसून राहिली. मामा गुडघाभर पाण्यात चाचपडत म्हणाला, "तळं बघायला आलाव का उपसायला?" मीही बूट-मोजे काढून उतरले. दुपार कलली तेव्हा गाळात पायाखाली काहीतरी गुळगुळीत आलं. ते काढून मी मावशीपुढे धरलं. "कुठं घावलं गं?" तिने विचारलं. पाण्यात, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणाले, "पायाखाली आलं." मामाने मान वळवली. मावशी माझ्या चिखलाने भरलेल्या पावलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाय घातलास म्हणून तर घावलं की. कामून रडायलीस?" तिने लिंग धुतलं, पूजा केली आणि ओंजळीने तळ्याचं पाणी प्याली. तळ्याकाठचं एखादं चांगलं गाव सांग, असं कोणी म्हटलं की मी अजून कल्याणीचंच नाव सांगते. कारण सांगत नाही.