नागसेनच्या वाट्याला आलेली बाजू

नागसेन रामटेके बोलायला लागला की उभा राहतो. तो बालाघाटच्या जिल्हा न्यायालयात ज्युनिअर वकील आहे आणि शाळेपासून माझा मित्र आहे. कोर्टात ही सवय चांगली. ऑनलाइन वर्गात तिचा उपयोग नव्हता. पहिल्या दिवशी शिक्षिकेने नाव घेतलं आणि तो उठला. पडद्यावरून त्याचं डोकं गेलं. नैरोबी, लिमा आणि ढाक्यातल्या मुलांना फक्त निळ्या शर्टाची बटणं दिसत राहिली.

"नागसेन, बसून बोललात तर चेहरा दिसेल," शिक्षिका म्हणाल्या.

"ऑब्लाइज्ड, मॅडम," असं कोर्टातल्यासारखं म्हणून तो बसला. पुढचा प्रश्न आला आणि तो पुन्हा उठला.

वर्ग इंग्रजीचा होता, परदेशात कायद्याचं पुढचं शिक्षण घ्यायला निघालेल्यांसाठी. लांबलचक निकालपत्र कसं वाचायचं, त्यातला मुद्दा आपल्या शब्दांत कसा लिहायचा, हे त्यात शिकवत. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाने नागसेनला जागा दिली होती, शिष्यवृत्तीसकट. अट एकच होती. हा वर्ग उत्तीर्ण व्हायचा. नाही झाला तर जागा गेली.

लिहिण्यात तो चांगला होता. अडचण शेवटच्या परीक्षेची होती. तिला ते चर्चा म्हणत. शिक्षिका एक मत मांडणार आणि विद्यार्थ्याने त्यांना मध्येच थांबवून ते खोडायचं. जो गप्प बसेल तो नापास. नागसेनबद्दल त्यांचा शेरा दर वेळी तोच असे. तुम्ही सगळ्यांशी सहमत होता.

"कोर्टात तं चांगला भांडतं ना बे," मी म्हणालो.

"तिथं समोर दुसरा वकील असते. इथं मॅडम आहेत. मॅडमले मधात कसं तोडू?"

"मग हौ-हौ करत राह्य. स्कॉटलंड इथंच येईल तुले भेटाले."

तो हसला नाही.

मग बाजू वाटल्या गेल्या. कामावर माणूस मेला आणि त्याच्या घरच्यांनी मालकाशी समझौता केला, तर तो अंतिम मानावा की नाही? नागसेनला बाजू मिळाली ती अशी, की अंतिम मानावा. त्याने ते वाचलं आणि लॅपटॉप बंद केला.

मला कारण माहीत होतं. नागसेन बारा वर्षांचा असताना त्याचे वडील बाबूलाल किरनापूरकडच्या एका गिट्टी क्रशरवर, खडी फोडायच्या यंत्रावर, काम करताना गेले. मशीनच्या पट्ट्यात त्यांचा हात ओढला गेला, आणि हातामागून ते. त्याच्या आईने, रुख्माबाईंनी, खटला चालवला नाही. भरपाई घेऊन समझौत्यावर सही केली. नागसेनचे काका नथ्थू तेव्हापासून लग्नात, मयतीत, कुठेही भेटले की एकच बोलत. "वहिनीनं माह्या भावाचा जीव विकला." नागसेन त्यावर कधी काही बोलला नाही. तो वकील झाला. माझ्या आईला फसवलं, तिला काही समजत नव्हतं, असं तो मला एकदाच म्हणाला होता.

"मॅडमले सांग ना. बाजू बदलून देतील," मी म्हणालो.

"बाजू बदलून मागाची नसते," तो म्हणाला.

त्याची तयारीची एक पद्धत होती. मुद्दा आधी आपल्या बोलीत मोठ्याने मांडायचा, मग इंग्रजीत न्यायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी त्याच्या घरी मी शिक्षिका झालो आणि तो समोर उभा राहिला. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. खाली जमिनीवर रुख्माबाई लाखोळीची भाजी निवडत बसल्या होत्या. त्या एका शाळेत मध्यान्ह भोजन रांधतात. नुकत्याच घरी आल्या होत्या.

नागसेन पाठ केल्यासारखा बोलू लागला. "त्या बाईनं सही केली. ती काही लहान पोरगी नव्हती. तिले समजत होतं ती काय करून राह्यली ते. मंग तिचा शब्द..."

तो थांबला. रुख्माबाईंचे हात थांबले होते.

"माय, हे माह्यं मत नाही. वाट्याले आलेली बाजू आहे. परीक्षेची."

"थांबला काहून?" त्या म्हणाल्या. "बोल ना. बरोबर बोलून राह्यला."

रुख्माबाईंनी भाजीचा एक देठ मोडला.

"मले समजत होतं," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणत, बिचारी, हिले काय समजते. तुहा काका म्हणे लढ. जबलपूरच्या कोर्टाच्या चकरा कोण मारणार होतं, तो? तुले कोणाजवळ ठेवलं असतं? क्रशरवाल्याचा माणूस आला, तं मी त्याले परत पाठवला. पुन्हा आला, पुन्हा पाठवला. म्हटलं, पट्ट्याले जाळी बसव. मंग सही."

"जाळी?" नागसेन म्हणाला.

"लोखंडी जाळी. तिथं अजून पोरं कामाले होतीच ना. तुह्या बापासंग डबा खाणारी. तो म्हणे, बसवतो, आधी सही कर. मी म्हटलं, आधी जाळी. मंग मी सोता गेलती पाहाले. जाळीले हात लावून पाह्यला, हालवून पाह्यली. पक्की होती. मंग घरी येऊन सही केली."

"मले कधी सांगितलं नाही, माय."

"तू विचारलं कधी? तू बी बिचारीच समजत होता मले."

त्या भाजी घेऊन आत गेल्या. नागसेन उभाच होता. मी साहित्याचा पदवीधर आहे. माणसांच्या मनातलं वाचायचं शिक्षण घेतलेला. पंधरा वर्षं या घरात जेवलो. मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही पुढे तयारी केली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्ग सुरू झाला. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही असा खाटेवर बसलो. आधी ढाक्याची मुलगी बोलली. तिने शिक्षिकेला अगदी शिकवल्याप्रमाणे नम्रपणे थांबवलं. मग नागसेनची पाळी आली.

शिक्षिका हळू, स्वच्छ बोलत होत्या. अशी बाई गरीब असते. दुःखात असते. तिची सही ही खरी सही नसते. ती निवड करतच नाही, तिच्याकडून करून घेतली जाते. म्हणून कायद्याने तिला तिच्याच सहीपासून वाचवायला हवं. पडद्यावरच्या माना हलत होत्या. शिक्षिका चांगल्या मनाच्या होत्या. कालपर्यंत नागसेनही हेच म्हणाला असता.

तो गप्प होता. त्याच्या बोटांनी टेबलाची कड धरली होती. शिक्षिका पुढच्या मुद्द्याकडे वळत होत्या. मला वाटलं, जागा गेली.

मग तो उठला. पडद्यावर पुन्हा निळा शर्ट.

"नाही, मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला.

शिक्षिकेचं वाक्य मध्येच तुटलं. शिकवलेला एकही नम्र शब्द त्याने वापरला नाही. त्याने एका बाईची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. त्या बाईने सहीच्या आधी काय मागितलं ते सांगितलं. ती स्वतः जाऊन जाळी हलवून आली ते सांगितलं. इंग्रजी अडखळत होती. एके ठिकाणी शब्द सापडला नाही, तेव्हा त्याने हाताने जाळी हलवून दाखवली. पडद्यावर फक्त तो हात दिसला.

"मालकाने फसवलं असेल तर न्यायालयाने समझौता जरूर उघडावा," तो म्हणाला. "पण आधी तिला विचारा. तिला समजत नव्हतं असं तुम्ही तिच्या वतीने ठरवता. मीही ठरवलं होतं."

या वेळी त्याला कोणी बसायला सांगितलं नाही.

वर्ग संपल्यावर शिक्षिकेने त्याला थांबवून घेतलं. बोलण्याच्या रीतीचे गुण त्यांनी कापले होते. मुद्द्याचे पूर्ण दिले होते. "उत्तीर्ण," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या बाईंना माझा नमस्कार सांगा."

नागसेनने लॅपटॉप मिटला. रुख्माबाई आतल्या दारात उभ्या होत्या. किती वेळ ते माहीत नाही.

"झालं?"

"हौ. पास झालो."

"एवढा वेळ उभा काहून होता?"

"तुह्या बाजूनं बोलत होतो."

त्यांनी पदराने हात पुसले. "माह्यं नाव सांगितलं त्यायले?"

"नाही, माय."

"सांगाचं होतं," रुख्माबाई म्हणाल्या.