मावशीचं नॅशनल परमिट

"बसू नको गा, बसला का गंजला!" असं म्हणत ती लाटण्याने टेबल ठोकायची, आणि नुकत्याच नऊ पोळ्या रिचवलेला सहा फुटी ड्रायव्हर मास्तरांनी हाक मारल्यासारखा ताडकन उठून हात धुवायला पळायचा. जेवण झालं की माणूस तिला टेबलाशी दिसता कामा नये. बाहेर ट्रक उभा, रस्ता मोकळा, मग हा ढेकर देत बसतो काहून? तिच्या मते जगातली निम्मी दुखणी जेवल्यावर बसून राहिल्याने होतात आणि उरलेली निम्मी जेवणाआधी बसून राहिल्याने.

तुम्ही कधी अमरावती रोडने नागपूरच्या बाहेर पडला असाल, तर वाडी गावात तुमची गाडी अडकली असणारच. पुढे ट्रक, मागे ट्रक, दोन्ही बाजूंना गोदामं. त्या धुरळ्यात एक पत्र्याची मेस होती आणि मेसच्या भिंतीला चिकटून माझं दुकान. मी ट्रकचे विमे काढतो. ती ट्रकवाल्यांना जेवू घालायची. म्हणजे गाडी मी सांभाळायचो आणि गाडी चालवणारा ती. सगळी वाडी तिला मावशी म्हणायची, तिच्याहून म्हातारे ड्रायव्हरसुद्धा.

तिच्या वरणाला अशी फोडणी असायची, की ते खाऊन गुवाहाटीला निघालेल्या माणसाचा डोळा रायपूर ओलांडेपर्यंत लवत नसे. या रस्त्यावर अपघात कमी झाले, त्याचं श्रेय लोक नवीन पुलाला देतात. देऊ द्या. मी तर असंही पाहिलंय की तिने लाटण्याने टायर ठोकला आणि पंक्चरवाल्याने न विचारता हवा भरायला घेतली.

देशातला प्रत्येक घाट तिला तोंडपाठ होता. कुठल्या वळणावर दरड येते, कुठल्या धाब्यावर चहात पाणी जास्त, कुठल्या नाक्यावरचा शिपाई जेवायला उठला की अडवणूक थांबते, सगळं. ड्रायव्हर बोलायचे, ती पोळ्या लाटता लाटता ऐकायची. स्वतः मात्र ती नागपूरशेजारच्या कामठीच्या पुढे गेलेली नव्हती. नवरा लवकर वारला, मुलगा लहान, चूल पेटलेली. गेली कधी असती?

आणि एका दुपारी ती माझ्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. पांढरं शुभ्र लुगडं, केसांना तेल, हात शिस्तीत बाजूला सोडलेले.

"घे फोटो," म्हणाली.

"कशाचा गा मावशी?"

"इन्स्पेक्शनचा. समोरून घे, मांगून घे, दोनी बाजूनं घे. नंबर आधार कार्डावर हाय."

हसू नका. एखाद्या ट्रकचा विमा संपून मध्ये दिवस गेले असतील, तर नवा काढण्याआधी आम्ही गाडीचे चारही बाजूंनी फोटो घेतो आणि चासीचा नंबर टिपतो. हे ती वर्षानुवर्षं पाहत आली होती. विमा म्हणजे असाच निघतो, अशी तिची खात्री. ती स्वतःहून गर्रकन वळून पाठ दाखवून उभीही राहिली. समोर तीन ट्रक थांबले. मी घाईघाईने तिला आत घेतलं.

तर गोष्ट अशी होती. त्यांच्या विहारातल्या बाया श्रीलंकेला निघाल्या होत्या, अनुराधपूरला.

"बुद्धगयेच्या झाडाची फांदी नेऊन लावली हाय तिथं," ती उभ्या उभ्या सांगू लागली. खुर्ची पुढे केली तर तिने ती पायाने बाजूला सारली. "एका भिक्खुनीनं नेली, जहाजात बसून. मले ते झाड पाहाचं हाय. पन टूरवाला म्हन्ते, सत्तरीच्या वर असन अन् बिमारी असन तर विमा पायजे, नाईतर सीट नाई. अन् माहा पोरगा म्हन्ते, विम्याबिगर उंबऱ्याबाहेर पाय टाकू नको. तिकडच्या दवाखान्यात पडली तर आपलं घर इकावं लागन."

मुलगा कोराडीला वीज केंद्रात नोकरीला. शहाणा होता, आणि त्याचं चुकत नव्हतं.

"मावशी, मी ट्रकचे विमे काढतो. माणसांचे नाही."

"मंग? त्या भोपाळवाल्याचा खटारा केवढा जुना हाय? दार दोरीनं बांधते तो. त्याचा काढला का नाई तू? मी काय त्याच्याहून गेली का?"

मी कॉम्प्युटर चालू केला. त्यानंतर महिनाभर मला झोप नव्हती.

तिच्या दुखण्यांची यादी ऐका. शुगर, बीपी, दोन्ही गुडघे, आणि हृदयाच्या नळीत बसवलेली एक स्प्रिंग. मी कॉम्प्युटरवर माहिती भरायचो, कंपनी हप्त्याचा आकडा फेकायची, आणि तो आकडा पाहून दुकानातला पंखा आपोआप हळू व्हायचा. तेवढ्या पैशात दहा चाकी ट्रक वर्षभर रस्त्यावर राहिला असता. एका कंपनीने वय वाचताच नकार कळवला. दुसरीने होकार दिला, पण अट घातली की हृदयाचं काही झालं तर एक पैसाही मिळणार नाही.

"मंजे दिल सोडून बाकीची मावशी जाईन?" तिने विचारलं. "अन् दिल काय तुह्या कपाटात ठेवून जाऊ?"

ती रोज यायची. सकाळी कणीक मळून, दुपारी गर्दी ओसरली की, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी. दारातून टेबलापर्यंत, टेबलापासून दारापर्यंत. "झालं का गा? काहून नाई झालं?" टूरवाल्याने नावं पक्की करायची मुदत सांगून टाकली होती. बाकी बायांच्या पिशव्या भरूनही झाल्या होत्या. तिच्या येरझारांनी माझ्या फरशीची एक रांग खोल गेली. आज पाणी सांडलं तर ते तिथूनच वाहतं.

शेवटी मी धंद्यातली एक युक्ती सुचवली. कॉम्प्युटर विचारतो, पूर्वीचा काही आजार आहे का? खाली दोनच चौकोन, हो आणि नाही.

"मावशी, आपण चुपचाप नाही दाबू. कोण बघतं?"

तिने येरझारा थांबवल्या. "अन् तिथं मी पडली, तर तो चौकोन येईन मले उचलाले?"

"पडाल कशाला?"

"त्या कंटेनरवाल्याचं काय झालं, ईसरला का? मालकानं कागदात माल लपवला होता. गाडी उलटली, क्लेम नाई भेटला. त्याची बायको माह्या मेसमधी बसून रडली, अन् तिचं लेकरू माह्या मांडीवर होतं." मग जरा नरमाईने म्हणाली, "रोज सकाळी पंचशील म्हन्तो आमी. खोटं बोलनार नाई म्हन्तो त्यात."

"आणि कालचं वरण ताजं म्हणून वाढता ते?"

"ते धंद्याचं हाय. हे यात्रेचं हाय," म्हणाली आणि पुन्हा चालायला लागली.

मुदतीच्या दोन दिवस आधी मी वैतागून एका कंपनीच्या फोनवर भांडायला बसलो. दुकानात चार-पाच ड्रायव्हर, दारात मावशी. पलीकडची मुलगी थंडपणे म्हणाली, "सर, तुम्ही पूर्ण जगाचा, अमेरिका धरून, वर्षभराचा विमा मागताय. आजी नेमक्या कुठे जाणार आहेत?"

"श्रीलंकेला. आठ दिवस."

"मग सर, तेवढाच घ्या ना."

आता माझी बाजू ऐकून घ्या. ट्रकच्या धंद्यात आठ दिवसांचा विमा म्हणजे काय ते कुणाला माहीत नाही. विमा म्हणजे वर्षाचा. आणि परमिट काढायचं तर एका राज्याचं कोण काढतो? नॅशनल परमिट काढतात, म्हणजे उद्या भाडं कुठलंही आलं तरी गाडी निघाली. कॉम्प्युटरने विचारलं, कुठपर्यंत? मी आपला सवयीने सगळ्यात मोठा चौकोन दाबत आलो होतो. प्रत्येक कंपनीत. गेले कितीतरी दिवस मावशीला शुगर, बीपी आणि स्प्रिंगसकट न्यूयॉर्कला वर्षभर फिरवत होतो मी.

मी फोन ठेवला. मग एक ड्रायव्हर असा हसला की शेजारच्या गोदामातला चौकीदार काठी घेऊन धावत आला. मावशी हसली नाही. ती माझ्या टेबलाशी आली.

"मले अमेरिकेले काहून पाठवून राहिला होता गा?" तिने शांतपणे विचारलं. "तिथं माहं कोन हाय?"

आठ दिवसांचा, जवळच्या देशांपुरता आकडा निघाला, तो तिच्या मुलाला परवडणारा होता. पण हृदय धरायचं असेल तर डॉक्टरचं पत्र लागणार होतं, आणि त्यावर कंपनीचा डॉक्टर फोनवर तिची तपासणी करणार होता. पत्र तिच्या मुलाने त्याच संध्याकाळी आणून दिलं, आणि फोन आला तो नेमका दुसऱ्या दिवशी भर जेवणाच्या वेळी. मी फोन घेऊन मेसमध्ये धावलो आणि स्पीकर लावला. सगळी पंगत हातातला घास हातात धरून गप्प.

डॉक्टर मोठा गोड माणूस, अगदी पुस्तकी मराठीत बोलणारा. "आजी, जिना चढताना आपल्याला दम लागतो का?"

पंगतीत सगळ्यांनी माना जोरजोरात नकारार्थी हलवल्या. एकाने तर हात जोडले.

"लागते," मावशी म्हणाली. "एका दमात नाई चढत मी. मधात थांबते, मंग चढते."

"छातीत दुखतं का?"

"स्प्रिंग बसवल्यापासून नाई. त्याच्या आंधी दुखे."

"औषधं वेळेवर घेता?"

"घेते. पोरगा फोन करते कोराडीवरून, घेतली का म्हून."

"आणि गोड खाता का?"

इथे तिचं लाटणं थांबलं. चुलीवरची पोळी करपायला लागली. गोदामामागच्या हलवायाकडे ती कितीदा जाते ते वाडीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. घरच्यांना आणि घरच्या डॉक्टरला तिने वर्षानुवर्षं ताकास तूर लागू दिली नव्हती. मी डोळे मिटून घेतले.

"खाते," ती म्हणाली. "जलेबी. माह्या पोराले सांगू नका."

"किती खाता?"

"समोर असन तितकी."

पलीकडे पेन खरडल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाला, "कळवतो." फोन बंद. पंगतीतला एक ड्रायव्हर म्हणाला, "गेली मावशी तुही सीट." तिने करपलेली पोळी त्याच्याच ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी, मुदतीच्या दिवशी, दुपार उलटली तरी काही कळलं नव्हतं. टूरवाल्याचे फोनवर फोन. मावशी मेस उघडी टाकून माझ्या दारात. मी एका हाताने कॉम्प्युटर ठोकतोय, दुसऱ्याने घाम पुसतोय. आणि पॉलिसी आली. पहिला थोडा खर्च आपल्या खिशातून, हृदयाच्या तातडीच्या उपचाराला ठरावीक रकमेपर्यंत पैसे, पण हृदय धरलेलं होतं. जलेबीसकट.

"दिल हाय यात?" तिने कागदावर बोट ठेवून विचारलं.

"आहे मावशी."

तिने कागद दुमडला, पिशवीत टाकला आणि पहिल्यांदा माझ्या गालाला हात लावला. हाताला पीठ होतं. मी ते संध्याकाळपर्यंत पुसलं नाही.

निघायच्या दिवशी पांढऱ्या साड्यांतल्या बायांनी भरलेली मिनीबस वाडीतून गेली तेव्हा उभ्या असलेल्या प्रत्येक ट्रकने हॉर्न वाजवला. इतक्या वर्षांत तिने निरोप दिलेले सगळे त्या दिवशी खाली उभे होते, आणि ती खिडकीतून ओरडत होती, "जेवून घ्या रे कुठंतरी!"

त्यानंतरचे आठ दिवस माझे कसे गेले ते फक्त विम्याच्या धंद्यातल्या माणसाला कळेल. आमच्याकडे अनोळखी नंबरचा फोन कधी खुशालीचा नसतो. गाडी उलटली, ब्रेक लागला नाही, हेच. मी फोन शर्टाच्या खिशात ठेवायचो, मग टेबलावर, मग पुन्हा खिशात. जेवायला गेलो तर मेस बंद.

गेल्या उन्हाळ्यात ती वारली. इथेच, वाडीत, स्वतःच्या घरी, मुलगा जवळ असताना. तो भाग मी सांगत नाही, कारण त्यात फुगवून सांगण्यासारखं मला काही सापडत नाही. मी त्या यात्रेतल्या फोनपाशीच थांबतो.

सहाव्या दिवशी आला तो. भलामोठा परदेशी नंबर. मी पॉलिसीची फाइल ओढतच तो उचलला.

"मी होय गा," ती म्हणाली.

"काय झालं मावशी? छातीत दुखतंय का? जवळ कोण आहे? पॉलिसीचा नंबर..."

"काई नाई झालं. झाडापाशी हाय मी." वारा इतका होता की शब्द तुटत होते. "झाड काई मोठं नाई गा. म्हातारं हाय बापडं. फांद्यांले टेकू देल्ले हायेत सोन्याचे, तवा उभं हाय. याले कोनतीच कंपनी विमा देनार नाई."

"तुम्ही कशा आहात?"

"थांब, तुले आइकवते." तिने फोन वर धरला असावा. बायांचा वंदनेचा आवाज आला, नागपुरी हेल काढून म्हटलेला, मग तोही दूर गेला. फोन बंद करायचा ती विसरली. पिशवीत टाकला बहुतेक. वाळूवरून अनवाणी चालणारी पावलं ऐकू येऊ लागली, पुष्कळ, हळूहळू, झाडाभोवती फिरणारी.

माझ्या समोर एक टेम्पोवाला कागद घेऊन उभा होता, बाहेर ट्रक कोकलत होते. मी त्याला हाताने थांबवलं आणि फोन कानाला घट्ट लावला. पलीकडे कुणीतरी हसलं. ती की दुसरी कुणी, कळलं नाही. पावलं चाललीच होती. मी फोन बंद केला नाही.