शेठजींनी अंथरलेली चादर

पोलिसातल्या नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरलो. काहींचे निकालसुद्धा आता सांगता यायचे नाहीत. पण देवास गेटजवळ पेरूंच्या ढिगात घुसलेली ती काळी मोटार अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. आमच्या टोप्यांवरचे बिल्ले बदलले, ठाण्याची पाटी बदलली आणि मोटारींचे नंबरही बदलायला लागले. जुनी मोटार आधी पासिंगला न्यायची, म्हणजे मोटार इन्स्पेक्टरकडून तपासून घ्यायची, मगच नवा नंबर मिळायचा. चार ठिकाणचे कागद एका कचेरीत येऊन पडलेले, त्यामुळे कोणाचा कोणाला मेळ नव्हता.

त्या गोंधळात एक दिवस भर बाजारात टॅक्सी रस्ता सोडून पेरू विकणाऱ्या बाईच्या अंगावर गेली. बाईचा पाय मोडला. लोकांनी ड्रायव्हरला चोप दिला, आमच्या शिपायांनी त्याला कसाबसा सोडवून ठाण्यात आणला. मी पंचनामा केला, बाईला सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि मोटार ओढून ठाण्याच्या आवारात उभी केली.

ड्रायव्हर त्या हिंदी मुलखातला मराठी माणूस होता, चाळिशी उलटलेला. उमेदीची सगळी वर्षं एका छोट्या संस्थानच्या मोटारखान्यात काढलेली. संस्थान गेलं, मोटारखाना बंद झाला, तेव्हा होतं नव्हतं ते घालून त्याने ही जुनी मोटार विकत घेतली होती.

"साहेब, स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी वळेचना," तो म्हणाला.

अपघात केलेला प्रत्येक ड्रायव्हर हेच सांगतो. स्टिअरिंगचा जोड तुटलेला होता, हे खरं. पण तो तुटला म्हणून गाडी धडकली, की गाडी धडकली म्हणून तो तुटला? गाडी नुकतीच पास झालेली, कागद त्याच्याच खिशात होता. कोर्ट कागद बघणार आणि म्हणणार, गाडी ठणठणीत होती, चूक चालवणाऱ्याची. म्हणजे लायसन्स जाणार, वर कैद. त्याची बायको सकाळपासून ठाण्याच्या पायरीवर बसून होती. शिपायाने दोनदा उठवलं, तरी पुन्हा येऊन बसली.

मी त्याला विचारलं, "घेताना गाडी खालून बघितली होती का?"

"नाही साहेब."

"अहो, जन्म गेला तुमचा मोटारखान्यात!"

तो मान खाली घालून म्हणाला, "गाडी विकणाऱ्या शेठजींनी गादीवर शेजारी बसवलं, केशरी दूध दिलं, मुलीच्या लग्नाचं विचारलं. पासिंगचा कागद स्वतःहून पुढे केला. एवढं झाल्यावर त्यांच्या दारात मी गाडीखाली कसा शिरणार? तोंडावर खोटं ठरवल्यासारखं झालं असतं."

मला असा राग आला! पण खरं सांगायचं तर आपल्यातले दहातले नऊ जण हेच करतील. भीड पडते.

दुसऱ्या दिवशी खबर आली, तीही अशा माणसाकडून की माझा विश्वास बसेना. स्टँडवरचा एक टांगेवाला आला. टॅक्सीवाल्यांमुळे या लोकांची गिऱ्हाइकं तुटली होती. याचं आणि आमच्या ड्रायव्हरचं रोज भांडण व्हायचं, ते मी स्वतः दोनदा सोडवलं होतं.

"साहब, वो गाड़ी पास कैसे हो गई?" तो म्हणाला. "जिस दिन मैदान में पासिंग थी, मैं सेठ के गोदाम पे माल उतार रहा था. ये गाड़ी तो वहीं ईंटों पे खड़ी थी, पहिये निकले हुए."

"तेरी तो उससे बनती नहीं."

"लड़ाई अपनी जगह है, साहब. बेचारा अंदर हो जाएगा."

मी सायकल काढली आणि थेट मोटार इन्स्पेक्टरचं घर गाठलं. तेही मराठी, सरळ माणूस, पण नाकावर राग. "माझ्या सहीवर शंका?" म्हणून आधी माझ्यावरच घसरले. "मी त्या गाडीतून चक्कर मारली आहे. शेठजींच्या माणसाला चालवायला लावली आणि मागे बसून आवाज ऐकला. उत्तम होती!"

"इंजिनावरचा नंबर ताडून बघितलात?"

त्या गर्दीत त्यांनी फक्त पाटीवरचा नंबर बघितला होता.

तेवढ्यात आतून वहिनी बाहेर आल्या. "तीच ना हो गाडी, जिच्यात बसून पांढरी पँट मागून लाल करून आणलीत? म्हटलं, होळी खेळून आलात की काय! धोब्याच्या भट्टीतही रंग गेला नाही. शेवटी पोतेरं केलं."

मी चहा तसाच टाकून ठाण्यात परतलो आणि आवारातल्या मोटारीची मागची सीट घासून घासून बघितली. विटलेलं राखी कापड होतं. लाल रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

शेठजींची पेढी फ्रीगंजात होती, धंदा भैरवगढच्या छापील कापडाचा. मला बघून ते हात जोडत बाहेर आले, गादीवर बसवलं. दूध आलंच. मी ते घेतलं नाही.

"सेठजी, जबानी के लिए थाने चलना पड़ेगा. मेरी साइकिल पंक्चर है. आपकी मोटर में चलें?"

"अरे, ये भी कोई पूछने की बात है!"

दारात त्यांची स्वतःची मोटार उभी होती. तीही काळी, त्याच बनावटीची. पंक्चरचं मी खोटं बोललो होतो, मला फक्त सीट बघायची होती. पण मला काही करावंच लागलं नाही. शेठजी पाहुणचारात मुरलेले. त्यांनीच नोकराला हाक मारली, "अरे, पीछे चादर बिछा दे! साहब की वर्दी लाल हो जाएगी."

"क्यों?" मी विचारलं.

"भैरवगढ़ का माल इसी में आता है, साहब. कभी गीला भी रहता है, रंग छोड़ता है."

मी चादर बाजूला सारली. सीट लालभडक होती.

त्याच मोटारीतून आम्ही ठाण्यात आलो. समोर बसवल्यावर एवढंच म्हणालो, "सेठजी, जो गाड़ी आपने बेची, उसमें बैठकर इन्स्पेक्टर साहब की पतलून लाल हुई थी. वो गाड़ी आँगन में खड़ी है. ज़रा उसमें लाल रंग दिखा दीजिए."

शेठजींनी आधी मुनिमावर ढकललं, मग नोकरावर. मग म्हणाले, "गलती हो गई, साहब."

झालं होतं असं. विकायची मोटार दुसऱ्या संस्थानात आधीच नापास झालेली, स्टिअरिंगचा जोड तेव्हापासूनच झिजलेला. शेठजींनी तिची पाटी आपल्या चांगल्या मोटारीला लावली आणि ती मैदानात नेली. कागद खरा, सही खरी, फक्त मोटार दुसरी. कागदावरचा इंजिनाचा नंबर आवारातल्या गाडीचा आणि पास झाली ती शेठजींची, हे इन्स्पेक्टरांनी स्वतः जबानीत लिहून दिलं. त्यांच्याइतका संतापलेला साक्षीदार मी दुसरा पाहिला नाही.

फसवणुकीचा खटला शेठजींवर उभा राहिला. पेरूवाल्या बाईच्या औषधपाण्याचा खर्च त्यांच्यावर बसला आणि गाडीही त्यांना परत घ्यावी लागली. ड्रायव्हर सुटला. लायसन्स हातात दिलं तेव्हा तो मुलासारखा रडला. पायरीवरची त्याची बायको मात्र रडली नाही. "आता कोणाकडे दूध पिऊ नका म्हणजे झालं," एवढंच म्हणाली आणि त्याला घेऊन गेली.

या केसने मला शिकवलं की लबाड माणूस उद्धट असतोच असं नाही. बऱ्याचदा तो फार अगत्याने वागतो, आणि आपण त्या अगत्याला संशयाने उत्तर द्यायला लाजतो. जुनी गाडी घेताना ती आधी कुठे पास झाली, कुठे नापास झाली, नंबर इंजिनाशी जुळतो का, हे विचारण्यात कसला आलाय अपमान? पण सांगायला सोपं आहे हे.

रिटायर झाल्यावर मी स्वतः एक जुनी मोटार बघायला गेलो. मालक माझ्या परिचयाचे, आमच्याच गणेशोत्सवातले. बरोबर त्याच ड्रायव्हरला नेलं होतं, आता केस पिकलेले. घरात पोहे झाले, चहा आला, मालकीणबाई मुलाबाळांची चौकशी करू लागल्या. मी कागद चाळले, सगळे ठीक होते. आता आणखी काय बघायचं, असं म्हणत मी कप तोंडाला लावणार, तोच अंगणातून आवाज आला.

ड्रायव्हर गाडीखाली पाठीवर पसरला होता, नुसते पाय बाहेर दिसत होते.

"साहेब," तिथूनच तो ओरडला, "चहा अजून घेऊ नका!"

मालकांचा चेहरा पडला. मला फार ओशाळल्यासारखं झालं, पण मी कप खाली ठेवला.