टीसीच्या अर्जावरची सही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कॉलेजातलं तुले काय कळते, असं घरात म्हणत, आणि ते खरंच होतं. तरी नातीनं कॉलेज बदलावं की नाही, हे शेवटी माझ्यावर येऊन पडलं.

बोरी अरब गावाच्या अलीकडे आमचं शेत. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळी काही हटत नव्हती. दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारायची, असं सगळीकडे चाललं होतं. औषध म्हणजे विषच. पण विष म्हटलं तर घरात कोण आणेल? गावातला एक माणूस दवाखान्यात गेला, मग दुसरा. लोक म्हणत, उपाशीपोटी फवारलं असेल. माझा मुलगा पोटभर जेवून गेला होता. दुपारी परत आला, ओसरीत बसला आणि म्हणाला, "माय, ऊन काहून इतकं पांढरं दिसून राह्यलं?"

आभाळात ढग होते.

यवतमाळच्या दवाखान्यातून तो जिवंत परत आला. नजर अर्धीच आली. समोर कोणी उभं आहे एवढं कळे. कोण, ते आवाजावरून. सून आधीच वारली होती. घरात आम्ही दोघंच. नात अमरावतीला होस्टेलात राहून बी.एस्सी. करत होती, दुसरं वर्ष.

"पोरीले इकडं आण," मुलगा म्हणाला. "तालुक्याच्या कॉलेजात नाव टाकू."

मला ते पटलं. मी लगेच हो म्हटलं. हे लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणी मला शहाणी समजेल.

नात आली. आम्ही दोघी तालुक्याच्या कॉलेजात गेलो. तिथला बाबू चष्मा कपाळावर चढवून बसला होता.

"आजीबाई, तहसीलदाराची बदली होते एका दिवसात, पोरीची नाई होत," तो म्हणाला. "आधी जागा असल्याचं आमचं पत्र लागते. मंग तिकडून टीसी काढा. उलटं केलं तं तिकडचं नाव कटते अन् इकडं चढत नाई."

"मंग द्या पत्र."

"कुठून देऊ? दुसऱ्या वर्षाले केमिस्ट्री आमच्याकडं नाईच. पुढच्या साली बी.ए.ले बसवा. पहिल्यापासून."

"चालते," नात म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ताटातली भाकर वाकडी वाढली तरी भांडणारी ही पोर. झालेलं सगळं शिक्षण पाण्यात जात होतं आणि ती चालते म्हणत होती.

एसटीत मी तिला विचारलं, "खरं सांग. काय शिजून राह्यलं बापलेकीचं?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "बाबाले औषधाच्या डब्यावरचं वाचता येत नाई आता. बाबा म्हणे, गडी माप चुकवते, कालवायले घरचं माणूस पाहिजे. अन् मी सायन्सवाली."

मला हे त्यानं सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी फवारणी होती. विहिरीजवळच्या ड्रमाशी नात ओढणी नाकाला बांधून काठीनं ढवळत होती. गडी पाठीवर पंप घेऊन उभा होता. ती बापाला म्हणाली, "बाबा, हे दोन एकत्र नाई चालत."

"सारे तेच टाकून राह्यले, पोरी."

तिनं टाकलं.

संध्याकाळी तिनं मला भाकर वाढली. साबणानं दोनदा हात धुतले होते, तरी बोटांना वास होता. मी भाकर बाजूला ठेवली. बापाला तो वास येत नव्हता असं नाही. तो जेवत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं कोणाकडून तरी टीसीचा अर्ज लिहून आणला. बापाची सही हवी होती.

"अरे, इकडं जागा नाई," मी म्हणाले. "बाबूनं सांगतलं नं."

"बी.ए.चं पुढच्या साली पाहू. टीसी तं हाती असू दे." त्यानं पेन उघडलं, कागद मांडीवर घेतला. "सही कुठी करू, माय? बोट ठेव."

मी हात हलवला नाही. पुढच्या साली म्हणजे कधीच नाही, हे कळायला चौथी पुरते.

"ठेव नं."

"नाई ठेवत."

"काहून?"

"तिच्या हाताले वास येते."

तो मग हसला, वाईट हसला. "मंग कालवन कोण? तू?"

"हो, मी."

"तुले वाचता येते का त्यावरचं?"

"थोडंफार येते. अन् मी मेली तं माह्यं कोणतं कॉलेज सुटते?"

"आजी, नको," नात म्हणाली.

"तू बॅग भर."

मुलानं कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. सही केली नाही. हो असंही म्हणाला नाही.

सकाळी मी तिला अमरावतीच्या एसटीत बसवलं. खिडकीतून ती सांगत होती, "डब्यावर लाल त्रिकोण असन तं हात नको लावू. पिवळा असन तं हातमोजे घाल. दोन औषधं एकत्र करूच नको." मी मान हलवली. हातमोजे घरात नव्हते.

तिथून मी सरळ शेतात गेले. मुलगा ड्रमाजवळ बसून होता. माझ्या पावलांकडे त्यानं तोंड वळवलं.

"गेली?"

"गेली."

"गडी केव्हाचा उभा हाय. अर्धं वावर राह्यलं."

ड्रमाशेजारी दोन डबे होते. मी चष्मा लावला आणि पहिला डबा फिरवला. लाल. दुसरा फिरवला. तोही लाल.

"काय हाय त्यावर?" त्यानं विचारलं.

"आज एकच टाकू," मी म्हणाले. पदर नाकावर ओढला आणि झाकण फिरवलं.