तुमचं गाव किती तास?

बाजारचौकातल्या दगडी खांबापाशी पोचलं की काकू आधी पदराचं टोक मोकळं करायच्या आणि शेजारच्या माहितीफलकावरची ढाल पुसायच्या. शाळेला निघालेल्या पोराचं तोंड पुसतात ना, तशी. घाईघाईत आणि जरा दाबूनच. मग वळून समोरच्या मंडळींना विचारायच्या, "हं, सांगा बघू. तुमचं गाव इथून किती तास?"

आता हा खांब काय, ते आधी सांगते. ड्रेस्डेन या जर्मन शहरापासून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, अर्ध्या तासावर आमचं हे गाव आहे. टपालाच्या घोडागाड्या धावायच्या त्या काळात साक्सनी या इथल्या प्रांतावर राज्य करणाऱ्या राजाने गावोगाव असे उंच खांब उभे केले. वर मुकुट, दोन रंगीत ढाली आणि टपालवाल्याचं शिंग. खाली कोरलेली गावांची नावं. गंमत म्हणजे नावांपुढे अंतर लिहिलंय ते तासांत. अमुक गाव सहा तास, तमुक गाव अकरा तास. हे सगळं मी परीक्षा देऊन शिकले आहे. काकूंनी कसलीही परीक्षा दिलेली नव्हती, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण माझ्या पोटदुखीचं मूळ तिथेच आहे.

मी पुण्यात आर्किटेक्ट होते. नवऱ्याला इथल्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही आलो. माझी पदवी इथे मान्य करून घेण्यासाठी दोन वर्षं कागद गोळा केले, त्यांची भाषांतरं केली, शिक्के मारून आणले. शेवटी कंटाळून सोडून दिलं. मराठी मंडळींच्या प्रत्येक जेवणावळीत मला एकच प्रश्न, "तुमचे मिस्टर कुठे असतात?" मग मी इरेला पेटून गाईडच्या परीक्षेला बसले. इतिहास, राजचिन्हं, लोकजीवन, सगळं जर्मनमधून. पास झाले. या देशात आल्यावर पहिल्यांदाच एखाद्या कागदावर माझं एकटीचं नाव होतं. तो कागद फ्रेम करून मी हॉलमध्ये लावला, अजून आहे.

कारखान्यांमुळे पुण्या-नाशकाकडून नवी कुटुंबं सारखी येतात. गावच्या स्वागत-कचेरीने त्यांच्यासाठी दर महिन्याला एक शनिवार ठेवला. साक्सनी म्हणजे काय, इथली माणसं कशी, खातात काय, झेंड्यावर काय आहे, हे त्यांच्या भाषेत सांगायचं. मराठीची फेरी माझी. चार वर्षं ती माझी एकटीची होती.

मग काकू आल्या. कऱ्हाडकडच्या. काका गेल्यावर मुलाकडे राहायला आल्या होत्या. सुती साडी, वर मुलाचं जुनं फुगीर जाकीट, पायात पांढरे बूट. एका नव्या शेजारणीला सोबत म्हणून त्या माझ्या फेरीला आल्या आणि मी आपली मोठ्या मनाने म्हटलं, "काकू, तुम्हीही सांगा की दोन शब्द." स्वतःच्या पायावर धोंडा असा हसत हसत मारून घेणारी बाई तुम्ही पाहिली नसेल.

साक्सनीच्या ढालीवर काळे आणि सोनेरी आडवे पट्टे आहेत आणि त्यावरून तिरपी हिरवी, पानापानांची पट्टी जाते. मी सांगायचे ते असं, की एका सम्राटाने उन्हासाठी डोक्यावर घातलेली हिरवी माळ काढली, नव्या सरदाराच्या ढालीवर टाकली आणि तीच पुढे राज्याची खूण झाली. तीन मिनिटं लागायची सांगायला. काकूंनी फलकाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बघा, काळ्या-पिवळ्या पट्ट्यापट्ट्यांचं लुगडं आहे आणि खांद्यावरनं हिरवा पदर घेतलाय. आता विसरून दाखवा!"

कोणी विसरलं नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

इथल्या माणसांबद्दल माझ्याकडे छापील मुद्दे होते. काकूंकडे तळमजल्यावरची जर्मन आजी होती. जिना झाडायची पाळी लागोपाठ आल्याने दोघींची मैत्री झाली. कुठल्या भाषेत, देव जाणे. साक्सनीत 'हो'ला 'नू' म्हणतात, हे काकू तिच्याकडून शिकल्या. मी आपली पुस्तकातलं 'जा, गेनाऊ' म्हणत राहिले आणि काकू बेकरीत जाऊन ठसक्यात "नू!" म्हणायच्या, की ती आंबट चेहऱ्याची बेकरीवाली खुदकन हसायची. माझ्याकडे बघून ती आजतागायत हसलेली नाही.

"ही माणसं आधी कुरकुर करतील," काकू नव्या मंडळींना सांगायच्या. "घाबरायचं नाही. कुरकुरली म्हणजे तुमची दखल घेतली. पुढच्या आठवड्यात केक घेऊन येतात की नाही बघा." आणि येत, हो! लोक मला येऊन सांगायचे, "ताई, काकू म्हणाल्या तसंच झालं."

पण खरी कमाल त्या प्रश्नाची. एकदा एक उंच, हाताची घडी घातलेला इंजिनियर होता. कशाला आणलं मला इथे, असा चेहरा. काकूंनी त्यालाच गाठलं. "तुमचं गाव किती तास?"

"विमानाचे नऊ," तो म्हणाला. "मग मुंबईहून गाडी. धरा सगळे मिळून वीस-बावीस."

"आणि फाट्यावर उतरल्यावर?"

"फाट्यापासून चालत वीस मिनिटं. मधे ओढा आहे." त्याने हाताची घडी सोडली. "वडील येतात घ्यायला. म्हणजे, यायचे."

"ती वीस मिनिटं धरायची की," काकू म्हणाल्या. "तीच तर लांब असतात."

त्याने मान खाली घातली. त्याच्या बायकोने डोळे पुसले. मग प्रत्येकाला आपलं गाव सांगायचं होतं. कोणाचा घाट, कोणाची शेवटची एसटी. सगळे त्या खांबाला चिकटून उभे, हसतायत, रडतायत. मी बाजूला हातात चित्रांची फाईल घेऊन. मला इतकं जळायला झालं की सांगताना आजही लाज वाटते. चार वर्षांत माझ्या बोलण्यावर कोणी साधा हुंकारही दिला नव्हता.

काकूंनी त्या दिवशी मलाही विचारलं. "आणि तुझं गं? किती तास?"

"काकू, मला पुढचा मुद्दा घ्यायचाय," मी म्हणाले.

"नू," म्हणून त्या बाजूला झाल्या.

महिनाभराने स्वागत-कचेरीतल्या बाईंनी मला अभिप्रायाचे कागद दाखवले. सगळीकडे काकू, कोणी त्यांना आजी लिहिलेलं. एकाने तर साडी नेसलेली ढाल काढली होती. आणि एका कागदावर लिहिलं होतं, 'आजींसोबत आलेल्या बाईंनीही माहिती दिली.'

सोबत आलेल्या बाई! नवऱ्यासोबत आलेली तर मी होतेच. आता आजींसोबतचीही झाले.

मी कॉफीचा कप खाली ठेवला आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "आजी गोड आहेत हो. पण त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. राज्याच्या राजचिन्हाला त्या साडी म्हणतात. उद्या कोणी तक्रार केली तर?" या देशात एवढं पुरतं. बाईंनी वहीत टिपून घेतलं, "क्लार," म्हणजे अर्थातच, म्हणाल्या आणि आठ दिवसांत काकूंना पत्र गेलं. आभार मानून, अतिशय सभ्य भाषेत. यापुढे फेरीत फक्त प्रमाणित मार्गदर्शकच बोलतील. मुलाने ते त्यांना मराठीत वाचून दाखवलं असणार. ते कसं वाचलं असेल, याचा विचार मी कधी करत नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं.

पुढच्या फेरीला काकू आल्या. शेवटच्या रांगेत, हातात चहाचा थर्मास. मी फलकापाशी पोचले तरी त्या पुढे झाल्या नाहीत. फलकावर पावसाचे ओघळ होते, ते तसेच राहिले. दोन बायका आपसात कुजबुजत होत्या, तर त्यांना म्हणाल्या, "नीट ऐका हं. हिनं परीक्षा दिलीय. हिला खरं काय ते माहीत आहे."

मी त्यात टोमणा शोधला. मनापासून शोधला. सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी सम्राटाची गोष्ट सांगितली. नंतर काकूंनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्या हातात दिला. "किती सुंदर गं! म्हणजे ती खरंच राजाच्या डोक्यावरची माळ?"

आता तुम्हाला सांगते, ती दंतकथा आहे. इतिहासकार मानत नाहीत. परीक्षेला हे पहिल्याच धड्यात होतं. म्हणजे काकूंचा हिरवा पदर आणि माझी हिरवी माळ, दोन्ही सारखीच खरी. तेवढं एक वाक्य त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.

"हो," मी म्हणाले आणि चहा प्यायले. आलं घातलेलं होतं.

थंडीत काकूंच्या मुलाला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, एश्बॉर्नला नोकरी लागली. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या मला चौकातच भेटल्या. "तुझं गाव सांगायचं राहिलं बघ," म्हणाल्या.

"फोनवर सांगेन, काकू."

"नू."

मी फोन केला नाही. एश्बॉर्नला नुसत्या काचेच्या कचेऱ्या आहेत म्हणतात. तिथे त्या पदराने काय पुसत असतील, कोण जाणे.

परवाच्या शनिवारी नवी मंडळी आली होती. मी सम्राटापर्यंत पोचले तोवर निम्मे लोक फोनमध्ये होते. एक नवी नवरी खांबाला टेकून कुठेतरी लांब बघत होती. नाव-गाव काही माहीत नाही मला तिचं. माझ्या हातातली फाईल मिटली गेली आणि तोंडातून निघून गेलं, "तुमचं गाव इथून किती तास?"

तिने मोजलं. विमान, रेल्वे, वडापची जीप, मग नदीवरचा लहान पूल. पूल तिने दोनदा मोजला. फोन खिशात गेले. मग एकेक जण सुरू झाला आणि ते सगळे माझ्याभोवती गोळा झाले. माझ्याभोवती!

निघताना ती नवरी परत आली. माझा हात धरला. "ताई, किती छान विचारलंत तुम्ही. हे तुमचं स्वतःचं का हो?"

फलकावरच्या ढालीवर धूळ होती. मी जाकिटाची बाही तळहातावर ओढली आणि ती पुसायला लागले.

"नू," मी म्हणाले.