हॉर्नची ड्यूटी, एसीची रजा

माझे वडील, आमचे आबा, सैन्यात ट्रक चालवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाडीत बसले की ते अजून ड्यूटीवरच असतात. वडूजला घरासमोर उभी असलेली आमची छोटी लाल गाडी रोज सकाळी पुसली जाते, तेल-पाणी बघितलं जातं आणि शेवटी हॉर्न वाजवून बघितला जातो. हॉर्नवर आबांचा फार जीव. वळणावर हॉर्न, म्हशीला हॉर्न, ओळखीच्या माणसाला हॉर्न आणि अनोळखी माणसालाही, ओळख झाली तर झाली. घराच्या कोपऱ्यावर दोन हॉर्न तर ठरलेलेच. ते ऐकले की आई चहाचं आधण ठेवते, आणि आबा चपला काढून आत येईपर्यंत त्याला उकळी फुटलेली असते.

गेल्या मे महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं. मावशी मिरजेतच राहते, ती दवाखान्यात सोबतीला होती. मी साताऱ्याहून सुट्टी काढून वडूजला आले होते. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की पेशंटला उन्हातून तापलेल्या गाडीतून नेऊ नका, टाक्यांवर घाम साचता कामा नये. आईला तर एरवीही ऊन सोसत नाही. तिने फोनवर सांगून टाकलं, "गाडी गार होत असंल तर येते. न्हाईतर ऱ्हाते बहिणीकडंच, पाऊस पडल्यावर बघू."

ती अगदी सहज बोलली. फोन स्पीकरवर होता आणि आबा ताटावर बसले होते. ताटात खिचडी, कारण आई गेल्यापासून त्यांनी दुसरं काही रांधलंच नव्हतं आणि मलाही रांधू देत नव्हते. त्यांनी घास खाली ठेवला. "आपल्याकडं पाऊस कवा पडतो, म्हाईत हाय न्हवं तिला?" एवढंच म्हणाले. आमच्या खटाव तालुक्यातला पाऊस म्हणजे आमंत्रण देऊनही न येणारा पाहुणा. आबांना बायको लवकर घरी हवी होती. तसं तोंडाने म्हणाले असते तर ते आबा कसले!

आणि गाडीचा एसी उन्हाळा लागल्यापासून रुसलेला. पंखा जोरात फिरायचा, बटणावर दिवा लागायचा, पण हवा चुलीपुढे बसल्यासारखी. आमच्या गॅरेजवाल्याने गॅस तपासला, तो भरपूर होता. मग कॉम्प्रेसर गेला असं त्याने जाहीर केलं. नवा साताऱ्याहून मागवायचा, म्हणजे आठवडा जाणार. जाता जाता तो फ्यूजच्या डब्याला हात घालणार, तेवढ्यात आबांनी झाकणावर पंजा ठेवला. तो डबा ते स्वतः बघतात, त्यात काही बिघाड असणं शक्य नाही, असं त्यांनी सांगितलं. आपल्या गाडीला दुसऱ्याचा हात नको, ही त्यांची फौजेतली सवय.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही दोघं मिरजेला निघालो. एसी नसला तरी ऊन तापायच्या आत परतू असा बेत होता, पण आईला बाहेर आणेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. ती पोर्चच्या सावलीत चाकाच्या खुर्चीवर बसली. आबांनी मागचं दार उघडून सीटला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मावशीने घरी गादी घालून ठेवल्याचं दुसऱ्यांदा सांगितलं. आई आबांकडे बघत होती, आबा गाडीकडे.

मला यंत्रातलं काही कळत नाही, पण हट्ट भरपूर आहे. वाटेत मी मोबाइलवर एसीचे व्हिडिओ बघितले होते. मी बॉनेट उघडलं आणि आबांना गाडी चालू करून एसीचं बटण दाबायला सांगितलं. कॉम्प्रेसर चांगला असेल तर टक्क असा आवाज होतो आणि त्याची पुढची चकती फिरायला लागते. कान लावून ऐकलं. काही नाही. म्हणजे त्याच्यापर्यंत वीजच पोचत नसावी. आबा खाली उतरेपर्यंत मी फ्यूजचा डबा उघडलासुद्धा. झाकणाच्या आत कुठे काय बसतं त्याचं चित्र असतं. एसीचा रिले, म्हणजे बटण दाबल्यावर वीज पुढे सोडणारा काळा ठोकळा, जिथे हवा तिथे नुसतं भोक.

"आबा, हितला रिले कुठाय?"

आबांनी त्या भोकाकडे बघितलं, मग दवाखान्याच्या पाटीकडे बघितलं आणि कानामागे खाजवलं. गेल्या थंडीत, धुक्यात, ऐन घाटात हॉर्न बंद पडला होता. त्याचा रिले जळालेला. एसीचा रिले तसाच, त्याच मापाचा. तो काढून त्यांनी हॉर्नला लावला होता.

"थंडीत एसी कशाला लागतोय? हॉर्न लागतो," ते म्हणाले. "मग ऱ्हाऊनच गेलं गं."

मला राग आला आणि हसूही आवरेना. दोन महिने आम्ही त्या गरीब कॉम्प्रेसरला शिव्या घातल्या होत्या. नवा रिले आणावा तर रविवार, स्पेअर पार्टची दुकानं बंद. मावशी म्हणाली, राहू दे की तिला इथेच. आबांनी हॉर्नचा रिले उपटला आणि एसीच्या जागी दाबून बसवला. टक्क! चकती फिरली. गाडी पुरेशी गार झाल्यावरच त्यांनी आईला उचलून मागच्या सीटवर बसवलं.

तासगाव गेलं, विटा गेलं. गाडी इतकी हळू, की सायकलवाल्यांनी वळून बघावं. सवयीने आबांचा तळवा स्टिअरिंगवर दाबायचा, आवाज यायचा नाही, मग बंद काचेआडून ते पुटपुटायचे, "बाजूला हो गड्या, हॉर्न न्हाई आज." मायणीच्या पुढे मेंढरांचा मोठा कळप आडवा आला. आबा उतरले आणि गार हवा जाऊ नये म्हणून दार झटकन लावलं. आमची मागची पिढी मेंढरांमागे हिंडलेली, आबाही लहानपणी हिंडले होते. त्यांनी ओठांनी लांब 'हुर्रर्र' केलं, आणि कळप मधोमध दुभंगला. मेंढपाळाने कौतुकाने त्यांचं गाव विचारलं. आबा घामाने निथळत पण छाती काढून परत आले. आई मागे तोंडाला पदर लावून हसत होती. तिच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. मला एकदम फार बरं वाटलं.

वडूज आलं. कोपऱ्यावर आबांचा हात आपोआप हॉर्नवर गेला, एकदा, दोनदा. गाडी मुकी.

"पों पों," मागून आई म्हणाली. "वाजला बरं का. चहा तेवढा आज तुमी ठेवा."

आबांनी तिला आत नेऊन पलंगावर टेकवलं आणि चपला न काढताच आधण ठेवायला गेले.