साहेबांना घाबरणारी घंटा

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या यंत्राला माहीत होतं. बाकी सगळ्यांसाठी ते अर्थिंगराव. मनगटाला पट्टा, पट्ट्याला वेटोळी वायर आणि वायरचं टोक टेबलाच्या कडेला अर्थिंगमध्ये. असा हा गृहस्थ पंचवीस वर्षं स्वतःला जमिनीला बांधून घेऊन रेडिओची सर्किटं आखत बसला होता. माणसाच्या अंगावर वीज साचते, ती बोटातून निसटते आणि नाजूक सर्किटाला डसते, ही त्यांची कायमची धास्ती. पावसातून आलेल्याने छत्री दाराशी ठेवावी, तसे लोक त्यांच्या खोलीत शिरताना भिंतीवरच्या लोखंडी पट्टीला हात लावून आपापली वीज उतरवून येत. घरीसुद्धा टीव्हीचा रिमोट देण्याआधी ते बायकोला नळाला हात लावायला सांगत. ती निमूटपणे लावायची आणि तो ओला हात त्यांच्याच शर्टाला पुसायची.

पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल कंपनीने त्यांना खुर्ची दिली. गुबगुबीत, चाकांची, दांडा ओढला की फुस्स करून खाली जाणारी. ती आली आणि त्यांचं जुनं लाकडी स्टूल शेजारच्या टेबलावरच्या ताईंकडे गेलं. ताई म्हणजे चाचणीवाल्या. हातात ठिणगी सोडणारं पिस्तूल घेऊन दिवसभर अर्थिंगरावांच्या सर्किटांना चटके द्यायचे, हे त्यांचं काम. स्वभावाने मात्र फार मायाळू.

त्या वर्षी दोघांच्या हातात एक घंटा होती. अंथरुणावरच्या आजाऱ्याने मुठीतलं बटण दाबायचं. उशाशी ठेवलेल्या डबीने ते ऐकून हाक पुढे स्वयंपाकघरापर्यंत पोचवायची. मधे वायर नाही, सगळं रेडिओवर. अर्थिंगरावांना ही कल्पना सुचली ती घरी पडून असलेल्या थोरल्या बहिणीमुळे. अक्कांचा आवाज खोल गेला होता, हुकूम तेवढे पूर्वीइतकेच होते.

डबीच्या अँटेनापाशी त्यांनी मोहरीएवढा एक डायोड बसवला होता. ठिणगी आली की त्याने तिला परस्पर जमिनीची वाट दाखवायची, आत येऊ द्यायचं नाही. मोहरीच्या जागी वाटाणा बसवला तर ठिणगीबरोबर तो हाकही गिळायचा आणि घंटा शेजारच्या खोलीपर्यंतसुद्धा पोचायची नाही. मोहरीवर मात्र सगळं जमलं. ताईंनी पिस्तुलाने दोनशे चटके दिले, तरी डबीचा हिरवा दिवा ढिम्म हलला नाही.

मग मोठे साहेब पाहायला आले. दारात उभे राहिले आणि दिवा विझला.

ताईंनी डबी बंद करून पुन्हा चालू केली, तर ती ठणठणीत. आठवड्याने साहेब पुन्हा आले. दिवा पुन्हा विझला. साहेब वळून गेल्यावर पुन्हा सगळं ठीक.

अर्थिंगरावांचं डोकं चालेना. त्यांनी साहेबांचा मोबाइल बाहेर ठेवायला लावला, मग घड्याळ. तिसऱ्या दिवशी साहेब आपणहून रिकाम्या हातांनी, पोलिसांना शरण आल्यासारखे, दारात उभे राहिले. दिवा विझला. आता फक्त कमरेच्या पट्ट्याचं बक्कल उरलं होतं. ते काढा म्हणायचं धाडस झालं नाही. स्वतःवर तर संशय घ्यायचं कारणच नव्हतं, ते बांधलेलेच होते. ताईंचं निदान साधं होतं, की घंटा साहेबांना घाबरते. अर्थिंगराव यावर रागावले आणि तिसऱ्या रात्री झोप लागेना तेव्हा त्यांनी या शक्यतेचाही थोडा विचार केला.

साहेबांनी सांगून टाकलं होतं, येत्या शुक्रवारी शेवटचं बघणार. चालली तर सही होऊन घंटा कारखान्यात जाईल. नाही चालली तर ती कपाटात आणि अर्थिंगराव तळमजल्यावर, जुन्या नकाशांच्या विभागात. तिथे वीजच काय, माणसंही साचत नसत.

बुधवारी सकाळी अक्कांची गादी उलटताना अर्थिंगरावांची कंबर धरली. तरी ते कामावर गेले आणि त्या गुबगुबीत खुर्चीत रुतून बसले. दुपारी साहेब सहज म्हणून डोकावले. ताई चटकन उभ्या राहिल्या. अर्थिंगरावांनी उठायचा प्रयत्न केला, तो कण्हण्यातच संपला. साहेब म्हणाले, बसा, बसा. डबी चालू होती. साहेबांनी बटण दाबलं, घंटा खणखणीत वाजली. दुसऱ्यांदा वाजली, तिसऱ्यांदाही. साहेब खूश होऊन गेले.

"तुमची कंबर गेली आणि घंटा आली," ताई म्हणाल्या. त्यांनी काखेत हात घालून अर्थिंगरावांना उठवलं. ढुंगण गादीपासून सुटलं आणि दिवा विझला.

ताईंनी डबी पुन्हा चालू केली.

"बसा पाहू पुन्हा," ताई म्हणाल्या.

कण्हत, कुथत ते बारा वेळा बसले आणि बारा वेळा उठले. नऊ वेळा दिवा विझला. मनगटाचा पट्टा जागच्या जागी होता. अर्थिंगराव जमिनीला बांधलेले होते, पण खुर्चीला कोण बांधणार? माणूस उठला की वीज गादीत मागे राहायची, खुर्चीच्या पोटातल्या लोखंडात ठिणगी उडायची आणि ती न शिवताच, हवेतून, डबीच्या कानात किंचाळायची. चहाला किंवा घरी जायला उठताना अर्थिंगराव आधी डबी बंद करायचे. पंचवीस वर्षांची शिस्त. चालू डबी सोडून ते उठायचे ते एकाच माणसासाठी. ताईही उठायच्याच, पण त्यांचं स्टूल लाकडी होतं.

घरी हे सगळं ऐकून बायको म्हणाली, "मग शुक्रवारी उठू नका ना. कंबर दुखतेच आहे, खोटं बोलायचीही गरज नाही. सही झाली की उठा."

सल्ला इतका सरळ होता की अर्थिंगराव गोंधळून गेले. बोलणं अक्कांच्या खोलीतच चाललं होतं. तेवढ्यात अक्कांनी पाणी मागितलं. बायको त्यांच्या उशाजवळच्या खुर्चीतून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. अर्थिंगराव त्या रिकाम्या खुर्चीकडे बराच वेळ बघत बसले.

शुक्रवारी साहेब कागद घेऊनच आले. अर्थिंगराव बसूनच राहिले, साहेबांनी हातानेच बसा म्हटलं. घंटा दहा वेळा वाजली. साहेबांनी पेन काढलं. टोपण उघडलं. ताई छताकडे बघत होत्या.

"साहेब, जरा थांबा," अर्थिंगराव म्हणाले, आणि टेबलाला धरून उभे राहिले.

दिवा विझला.

"हे काय केलंत?"

"उठलो, साहेब."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग अर्थिंगरावांनी सगळं सांगितलं, जरा उलटसुलट, कारण कुठून सुरू करावं हे त्यांना कळत नव्हतं: गादी, लोखंड, ठिणगी, आजाऱ्याजवळची खुर्ची, तिच्यावर बसलेलं घरचं माणूस. ते पाणी आणायला उठेल आणि नेमकी तेव्हा घंटा मरेल.

"म्हणजे इतके दिवस ती मला घाबरत नव्हती?" साहेबांनी विचारलं. आवाजात किंचित निराशा होती.

त्यांनी अर्थिंगरावांना बाजूला केलं आणि स्वतः त्या खुर्चीत बसले. उठले. दिवा विझला. ताईंनी डबी पुन्हा चालू केली. साहेब पुन्हा बसले, पुन्हा उठले. सातव्या वेळी त्यांनी कोट काढून ठेवला. सही केली नाही, पेन खिशात परत गेलं. पण तळमजल्याचं नावही काढलं नाही. जाता जाता तीन आठवडे दिले आणि खुर्चीला चाचणीच्या उपकरणांच्या यादीत नंबर द्यायला सांगितलं.

आता तिच्या पाठीवर चिठ्ठी आहे: उपकरण, बसू नये. ताई रोज तिच्यावर शंभर वेळा बसतात, उठतात आणि वहीत लिहितात. अर्थिंगराव मोहरी इकडे सरकवतात, तारेची वाट तिकडे आखूड करतात. काल शंभरात चार वेळाच दिवा विझला. अर्थिंगरावांना लाकडी स्टूल परत मिळालं आहे. त्यावरून बिनधास्त उठता येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी साहेब दारात आले की ते अर्धवट उठतात, डबीकडे बघतात आणि तसेच, ना धड उभे ना धड बसलेले, राहतात.